टपावर चढण्यापूर्वी



चिटणीस आम्हांस विषय विचारावयास आले तेव्हा आम्ही "टप" असे सांगितले. त्यांनी ते "तप" असे ऐकले. कामगार चळवळीतला माणूस उतारवयात तपश्चर्येकडे वळला म्हणून त्यांना आनंदही झाला. तो आनंद आम्हांला मोडावा लागला, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ह्या व्यासपीठांवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे जिनाच्या ओट्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही आत्म्याच्या उन्नतीवर न बोलता देहाच्या पतनावर बोलावे, हेच बरे. पतन म्हणजे वरून खाली पडणे, एवढाच अर्थ आम्ही घेतो.

टप म्हणजे काय ते वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको. एस.टी.च्या टपावर सायकली, बोचकी आणि आंब्यांच्या टोपल्या चढवल्या जात ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. मागच्या लोखंडी शिडीने हमाल वर जाई, आणि कंडक्टरने घंटी दिली की अर्ध्या शिडीवरून उडी मारी. त्याचे आम्हां पोरांना मोठे कौतुक वाटे. आज मालट्रकचा टप आहे, जिनिंग फॅक्टरीचे छप्पर आहे, आपापल्या घरावरची टिने आहेत. मृगाच्या तोंडावर ही सारी साफ करावी लागतात. म्हणून हा विषय आम्ही ह्या दिवसांसाठी निवडला.

सुरुवात मात्र बर्फापासून करतो. अकोल्याचा पारा ४५च्या वर असताना बर्फाच्या गोष्टीने तेवढेच बरे वाटेल!

आमच्या संघटनेतला एक ड्रायव्हर आहे. वरूड-मोर्शीकडची संत्री घेऊन तो उत्तरेला जातो आणि हिवाळ्यात कधी काश्मीरची सफरचंदे घेऊन परततो. एके वर्षी बनिहालजवळ रस्ता बंद झाला आणि त्याला ट्रकमध्येच तीन रात्री काढाव्या लागल्या. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचे केबिन हेच त्याचे घर. तिथेच पाठीमागच्या फळीवर निजणे, तिथेच देवाचा फोटो, तिथेच स्टो. सकाळी पाहतो तो केबिनच्या टपावर आणि मागच्या ताडपत्रीवर हातभर बर्फ. हा वऱ्हाडी गडी. फावडे घेऊन निघाला वर. इतक्यात बाजूच्या गाडीचा तिकडचा म्हातारा ड्रायव्हर ओरडत आला. त्याने ह्याचे पाऊल चाकावरून खाली ओढले आणि हाती एक लांब दांड्याचा झाडू दिला. म्हणाला, वर जायचे नाही; खाली उभे राहायचे आणि बर्फ आपल्याकडे न ओढता बाजूला पाडायचे. आमचा ड्रायव्हर परत आल्यावर आम्हांला म्हणाला, "भाऊ, कापसावानी दिसते, पन जड किती! वल्ल्या मातीवानी. अन् त्याच्याखाली काचेवानी निसरडं. चढलो असतो तं आज तुमच्यासमोर नसतो."

ह्या गोष्टीने आम्हांला वाचावयास लावले. अमेरिका-कॅनडात लोक फिरती घरे बाळगतात. मोटारीवरच खोली बांधलेली असते. आत चूल, बिछाना, सगळे काही. आपल्याकडची मराठी मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांतलीही काही अशा घरांतून हिंडतात. ह्या घराच्या टपावर बर्फ साचते. ताजे भुसभुशीत बर्फ हलके असते, एका घनमीटरला ५० ते १०० किलो. पण बसलेले ओले बर्फ ३०० किलोंवर जाते. टप १५ चौरस मीटरांचा आणि ओल्या बर्फाचा थर ३० सेंटिमीटर धरला, तर १,३५० किलो झाले. एक भरलेली बैलगाडी डोक्यावर ठेवली म्हणा ना! टप वाकतो, सांधे उकलतात, बर्फ वितळले की पाणी आत येते. म्हणून ते काढणे भागच आहे.

परंतु काढावयाचे कसे? जाणती माणसे सांगतात ते असे. थर वाढण्यापूर्वीच थोडे थोडे काढावे. जमिनीवरून, लांब दांड्याच्या मऊ झाडूने किंवा फोमच्या फळीने काढावे. लोखंडी फावडे लावू नये, कारण टपाचा पातळ पडदा फाटतो, हवेच्या झरोक्यांची झाकणे फुटतात. तळाशी बोटभर थर राहिला तर राहू द्यावा. तो खरवडण्याच्या हट्टाने नुकसानच होते. गरम पाणी ओतू नये. त्याचे पुन्हा बर्फ होते आणि पायाखाली येते. बर्फ कोसळेल त्या बाजूस कोणी उभे राहू नये. एकट्याने करू नये. आणि काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण वेगात ते ढेकूळ उडून मागच्या गाडीच्या काचेवर आदळते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ह्यासाठी कायदाच आहे. १९९६ साली ट्रकवरून उडालेल्या बर्फामुळे झालेल्या अपघातात एक तरुण मुलगी गेली, त्यानंतर तो झाला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चिखलदऱ्यालादेखील बर्फ पडत नाही, मग हे ऐकून आम्हांला काय करायचे? बंधूंनो, पदार्थ वेगळा आहे, पण काम तेच आहे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात गारपीट झाली ती आठवा. शेतांत गारांचे थर साचले. ते टिनांवरही साचले होते. पावसात ताडपत्रीला झोळ पडून पाणी साचते ते पाहा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद झोळ आणि सरासरी १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ४०० किलो. ते काढण्यासाठी क्लीनर वर चढतो, झोळ त्याच्या पायाखाली सरकतो आणि पाण्यासकट तो खाली येतो. जिनात तर हंगामभर रुईचे तूस उडून पत्र्यांवर, पन्हाळींत बसते. पावसापूर्वी ते काढले नाही तर पन्हाळ तुंबते. आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली तर वणवाच.

ह्या जिनाच्या पत्र्यांविषयी आम्हांला जे सांगावयाचे आहे, ते सांगताना आमची मान खाली जाते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनात पत्रे साफ करण्यासाठी माणसे वर चढवीत. काम धोक्याचे, म्हणून आमच्या संघटनेने मागणी केली की वर चढणाऱ्यास त्या दिवसाची जादा मजुरी मिळावी. आम्ही दोन दिवस गेटवर बसलो. मालकाने मान्य केले. गुलाल उडाला, घोषणा झाल्या, आणि आम्ही घरी जाऊन समाधानाने झोपलो. पुढच्या मे महिन्यात, त्या जादा मजुरीसाठी, आजवर कधी वर न चढलेला आमचा एक सोबती वर चढला. घरी मुलीचे लग्न होते. सिमेंटचा पत्रा उन्हाने चुरचुरीत झालेला; तो पायाखाली फुटला आणि सोबती खालच्या फरशीवर आला. तो वाचला, पण पुन्हा उभा राहिला नाही. आम्ही दवाखान्यात गेलो. तो आम्हांला काही बोलला नाही. त्याची बायको म्हणाली, "दादा, तुमीच तं भाव ठरवून देल्ता."

भगिनींनो आणि बंधूंनो, मालकाचा दोष होता तो होताच. त्याने वर फळी दिली नव्हती, दोर दिला नव्हता. त्याविषयी आम्ही पुढे भांडलो आणि भरपाई मिळवली. पण त्या बाईचे वाक्य खोटे नव्हते. आम्ही धोका काढून टाकण्यासाठी भांडलो नाही. आम्ही धोक्याचा भाव ठरवला. आणि भाव ठरला की गरजू माणूस तो माल विकावयास येणारच. त्या दिवसापासून "जोखीम भत्ता" हा शब्द आमच्या मागणीपत्रात आम्ही पहिला कधी लिहीत नाही. आधी लिहितो : माणूस वर जाणार नाही अशी व्यवस्था करा. जावेच लागले तर तो पडणार नाही अशी करा. आणि भत्त्याचे बोलणे त्यानंतर.

ती व्यवस्था अवघड नाही. पहिली गोष्ट, बनिहालच्या म्हाताऱ्याची : खालून होईल ते खालून करावे. लांब बांबूला ब्रश बांधून पन्हाळ साफ होते. बाजूला पाळणा किंवा मचाण बांधले तर माणसाला पत्र्यावर पाय देण्याचे कारणच पडत नाही. ताडपत्रीचा झोळ खालून, आतून, बांबूने उचलावा. मुळात मधोमध आडवे दांडे देऊन उतार केला तर पाणी साचतच नाही.

दुसरी गोष्ट : सिमेंटच्या पत्र्यावर कोणाच्याही भरवशाने चालू नये. आमच्या लोकांत समज आहे की बोल्टच्या रेघेवरून चालले की काही होत नाही. तोल गेला की पाय रेघ सोडतो, आणि रेघेवरही पत्रा फुटल्याची उदाहरणे आहेत. उजेडासाठी मधे मधे बसवलेला पारदर्शक पत्रा तर त्याहून घातकी. त्यावर धूळ आणि तूस बसले की तो बाकीच्यांसारखाच दिसतो. वर जाणे भाग असेल तर खालच्या दोन-तीन लोखंडी आडव्यांवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाकाव्यात, खाली जाळी बांधावी, आणि कमरेला नव्हे तर सर्वांगाला बसणारा पट्टा घालून तो भक्कम जागी अडकवावा. पन्हाळीला किंवा पत्र्याच्या बोल्टला अडकवलेला दोर हा दोर नव्हे. पट्ट्याने लोंबकळणारा माणूस लगेच खाली घेतला पाहिजे, म्हणून खाली दुसरा माणूस हवाच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि पुष्कळ वर्षांनी जीव घेते. ते कोरडे घासू नयेत, ओले करून काढावे.

तिसरी गोष्ट, शिडीची. चार मीटर उंच टेकवायची असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर असावा, वरचे टोक निदान एक मीटर पुढे निघालेले असावे, आणि एकाने ती धरावी. वर जाताना वर पाहावे. कापसाने शीग लावलेल्या गाडीवर उभा असलेला माणूस विजेच्या तारेला लागून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तार डोक्यावर असेल तर गाडी हलवावी, मग चढावे. भर दुपारी चढू नये. तापलेल्या टिनावर भोवळ यावयास वेळ लागत नाही. पावसात नाही, वाऱ्यात नाही, आणि पोटात दारू असताना तर मुळीच नाही.

"दोनच मिन्टाचं काम हाय," असे आमचा गडी म्हणतो. चार मीटरांवरून पडावयास एक सेकंददेखील लागत नाही, आणि जमिनीशी गाठ पडते तेव्हा वेग ताशी ३० किलोमीटरांहून अधिक असतो. पडलेल्या माणसास हातपाय धरून उचलू नका. मणका तुटलेला असेल तर त्या उचलण्यानेच तो कायमचा लुळा होतो. त्याला तसाच राहू द्या, मान हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा. आमच्या सोबत्याला आम्ही चौघांनी उचलून रिक्षात घातले होते. हेही आम्ही आज सांगून टाकतो.

कायदा काय म्हणतो? १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या ३२व्या कलमात उंचावर काम करणाऱ्यास कठडा अथवा अन्य सोय करून देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती; आता २०२०ची संहिता त्या कायद्याच्या जागी आली आहे. हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा झाला. परंतु आम्ही तीस वर्षांत पाहिले ते हे की कायदा शिडीने वर चढत नाही. तो कचेरीत बसतो. त्याला टपापर्यंत न्यावयाचे काम तुम्हां-आम्हांलाच करावे लागते. "फळी आल्याशिवाय चढणार नाही" एवढे वाक्य दहा जणांनी मिळून म्हटले तर फळी येते, हा आमचा अनुभव आहे. एकट्याने म्हटले तर दुसरा माणूस येतो.

आणि हे केवळ मजुरांसाठी नाही. येथे बसलेल्या पुष्कळांच्या घरावर टिने आहेत, कोणाच्या कवेलू आहेत, खेड्यात धाब्याचे घर आहे. येत्या पंधरवड्यात तुम्ही कोणाला तरी वर पाठवणार आहात. शेजारच्या पोराला, नाहीतर वडिलांना. मालक म्हणून आम्ही ज्यांना शिव्या देतो, तो मालक त्या दिवशी तुम्ही असाल.

ह्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी गाडगेबाबा जन्मले. त्यांनी हाती खराटा घेतला आणि गावेच्या गावे झाडली. आम्ही त्यांच्यापुढे फार लहान माणसे. पण बाबांच्या खराट्याला नमस्कार करून एवढेच मागणे मागतो, की टपापर्यंत पोचेल एवढा लांब दांडा त्याला आपण लावू या, आणि झाडणारा माणूस जमिनीवर उभा ठेवू या.

आमचा तो सोबती अजून आहे. संध्याकाळी दारात खाट टाकून बसतो. मागच्या आठवड्यात त्याच्या घरावरची टिने साफ करावयाची होती. त्याच्या नातवाने खालून, बांबूने ती साफ केली. आणि कुठे कचरा राहिला ते खाटेवरून आजोबा सांगत होते. आम्ही बांबू धरावयास गेलो होतो.