मोटार माझी, तलाव सगळ्यांचा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण)



आज बचतीचा नाही, तलावाचा हिशोब मांडते. त्यात आपल्या गटाचं कर्जही आहे, म्हणून इथंच बोलते.

आपल्या भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. तलावाचं पाणी पावसाळी धानासाठी. पावसानं दडी मारली, की पाळीपाळीनं बांधीत सोडायचं. धान कापलं की त्याच ओलीवर लाखोरी, जवस. उन्हाळ्यात तळाशी उरेल ते पाणी गुरांचं, ढीवरांच्या मासोळीचं, पाखरांचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, अन् पाळीकडं बघणारं कोणी उरलं नाही.

मग आलं उन्हाळी धान. मीही गटातून कर्ज काढून मोटार घेतली. माघात रोवणी, मग वैशाखापर्यंत बांधीत पाणी उभं. खोटं कशाला बोलू, पैसा झाला. पोरीची फी भरली, हप्ते फेडले. पण माझं बघून काठावर अकरा मोटारी लागल्या. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तलावाला भेगा पडल्या! बीजाची मासोळीच मेली, ढीवर बायांच्या टोपल्या रिकाम्या. विहिरीचं पाणी खाली गेलं, गुंडी घेऊन मीच लांब जाऊ लागले. कोरड्या काठावर बेशरम माजली, कमळकंद मिळेना. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्या गोंदियाकडेच. त्यांनाही उथळ पाणी लागतं.

बायांनो, नफा माझ्या वहीत लिहिला, तोटा गावाच्या. हा कसला हिशोब?

उन्हाळी धान बंद करा, असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण चार गोष्टी ठरवू. तलावात खूण रोवायची. पाणी त्याखाली गेलं की मोटार बंद, माझी पहिली. नव्या मोटारीच्या कर्जाआधी गटानं विचारायचं, पाणी कुठून आणणार? लाखोरी, हरभरा घेणाऱ्या ताईला बियाण्यासाठी कर्ज आधी द्यायचं. अन् बेशरम उपटायला प्रत्येक घरातून एक माणूस.

हे येत्या ग्रामसभेत मांडू. ढीवर बायांना सोबत घेऊ. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, ते त्यांनाही विचारू.