मेलेल्यांची मोजदाद

(गोवारी स्मृतिदिनाच्या निमित्तानें नागपूर येथें केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा वक्ता नाहीं, आणि तुम्ही सकाळपासून उन्हांत बसलां आहांत. म्हणून आढेवेढे न घेतां बोलतों.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजीं ह्याच नागपुरांत, विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन चालू असतांना, गोवारी समाजाचा मोर्चा निघाला. गुरें राखून पोट भरणारा हा समाज. विदर्भाच्या खेड्याखेड्यांतून लोक बायकापोरांसह आले होते. मागणी ती काय? सरकारी यादींत 'गोंड गोवारी' असा शब्द आहे, ते आम्हीच. आम्हांस अनुसूचित जमातीचे हक्क द्या. मोर्चा कठड्यांपाशीं अडवून ठेवला. संध्याकाळीं रेटारेटी झाली, पोलिसांची लाठी चालली. एका बाजूला लाठी, दुसऱ्या बाजूला कठडे! ११४ जीव गेले, आणि त्यांत बायका व लेंकरेंच अधिक.

तेव्हां वर्तमानपत्रांनीं बातमी छापली नाहीं असें मी म्हणणार नाहीं. एवढीं प्रेतें झांकणार कशीं? आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनीं राजीनामाही दिला. पुढें चौकशी आयोग बसला, आणि त्याला दोषी असा कोणीच सांपडला नाहीं. मग बातमी आटली. आतां आमची आठवण वर्षांतून एक दिवस, स्मारकावर फुलें पडतात तेवढ्यापुरती. नाहीं म्हणायला सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचें नांव दिलें आहे, त्यामुळें पुलावर गाड्या तुंबल्या कीं 'गोवारी' शब्द छापून येतो!

आतां दुसरीकडे पाहा. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबईस एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसें चेंगरून मेलीं. तीं बिचारीं पोटासाठीं धांवणारींच होतीं, त्यांच्याविषयीं माझ्या मनांत किल्मिष नाहीं. पण त्या स्टेशनाच्या आसपास दूरचित्रवाणीच्या कचेऱ्या आहेत. ओरड झाली, लष्कराला बोलावलें, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें नवा पूल उभा! बातमीचा जोर असा असतो. २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळ मांढरदेवीच्या जत्रेंत अडीचशेंहून अधिक जीव गेले. तेथें काय ऐकूं आलें? नारळाच्या पाण्यानें पायऱ्या निसरड्या झाल्या, लोक भोळे, देवीच्या नादीं लागले. वाट अरुंद कोणीं ठेवली, दुकानें कोणीं दाटूं दिलीं, हें विचारणारा आवाज बारीक. शहरांत माणूस मेला तर पुलाचा दोष, आणि खेड्यांतला मेला तर त्याच्या अकलेचा!

'गर्दी अनावर झाली', 'चेंगराचेंगरी झाली', असें छापतात. ह्या वाक्यांत करणारा कोणीच नाहीं, जणूं गारा पडल्या! शेतांत बैल शिरला तर आपण बैलाच्या धन्याला विचारतों कीं नाहीं?

हा रोग आपल्याच मुलखांत आहे असें नव्हे. विलायतेंत १९८९ सालीं हिल्सबरो येथें चेंडूचा खेळ पाहायला गेलेलीं ९७ माणसें चिरडून मेलीं. मजूरवस्तीचे लोक बहुत. एका मोठ्या पत्रानें चारच दिवसांत छापलें कीं, ह्या लोकांनीं दारू पिऊन मेलेल्यांचे खिसे कापले. धडधडीत खोटें! पण घरचीं माणसें हटलीं नाहींत. २७ वर्षें भांडलीं, आणि २०१६ सालीं पंचांनीं निकाल दिला कीं दोष प्रेक्षकांचा नव्हता. बंदोबस्ताच्या चुकीनें ते मारले गेले. आपल्याकडेही प्रयागच्या कुंभमेळ्यांत २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. सरकारनें ३० मेले म्हणून सांगितलें. बीबीसीचे बातमीदार घरोघर फिरले, त्यांना निदान ८२ सांपडले. म्हणजे मोजायचें मनांत असेल तर मोजतां येतें. फक्त पाय झिजवावे लागतात.

आमच्या मागणीचें काय झालें तें तुम्हांस ठाऊक आहे. २०१८ सालीं येथल्या उच्च न्यायालयानें आमच्या बाजूनें निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरवला. कायद्याचा कीस वकील पाडोत. मला सलतें तें निराळेंच. ११४ हा आंकडा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यांतली एक बाई कोण होती, कोणाचीं गुरें राखीत होती, तिच्यामागें घर कसें चाललें, हें सांगणारीं माणसें थकत चाललीं. त्या दिवशीं कडेवर असलेलें पोर आज तिशी ओलांडून गेलें.

म्हणून मी आज एक कोरी वही आणली आहे. ज्यांच्या घरचें माणूस त्या दिवशीं गेलें, आणि जे स्वतः त्या कठड्यापाशीं होते, त्यांनीं सभा संपल्यावर झाडाखालीं यावें. नांव, गांव, वय, काम, आणि डोळ्यांनीं जें पाहिलें तें सांगावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेचीं दोन मुलें लिहायला बसवलीं आहेत. घाई करूं नका, संध्याकाळपर्यंत बसूं. लेंकरांचीं नांवें अगोदर सांगा.