कामाच्या कपड्यांची गोधडी



ताग्यावरील कापडाला भाव असतो. वर्षानुवर्षे अंगावर वापरून विरलेल्या कपड्याला बाजारात कुणी विचारीत नाही. मात्र ज्या घरातून कर्ता माणूस निघून जातो, तेथे हाच कपडा सर्वांत अवघड प्रश्न होऊन बसतो. खुंटीवरचा सदरा काढायचा कुणी आणि ठेवायचा कुठे? गरजूंस देऊन टाकणे उचितच होय. तथापि अमेरिकेतील एका शेतकरी स्त्रीने १९४२ साली निराळा मार्ग धरला. त्याची हकिकत कापडाशी नाते असणाऱ्यांनी तरी ऐकावी अशी आहे.

अलाबामा राज्यात नदीच्या मोठ्या वळणात गीज बेंड हे खेडे वसले आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तेथे राहतात. मळेमालकाचे पेटवे हे आडनावच अनेकांना चिकटले. १९३२ साली गावाला उधारी देणारा व्यापारी वारला, तेव्हा त्याच्या विधवेने थकबाकीपोटी साठ कुटुंबांची गुरे, अवजारे, धान्य उचलून नेले. (वहीतला हिशेब चोख असेलही, परंतु अशी वसुली ऐकून कोणाही व्यापाऱ्याची मान खाली जावी!) फटींतून वारा शिरणाऱ्या तेथील लाकडी घरांत गोधडी ही हौस नसून निकड होती.

याच गावच्या मिसूरी पेटवे यांचे पती नॅथॅनियल निवर्तले. तेव्हा त्यांनी आपली मुलगी अर्लोन्झिया हिला सांगितले, की वडिलांचे कामाचे कपडे घेऊन आठवणीची गोधडी शिवायची आणि तीच पांघरून निजायचे. विजारींचे पाय आणि सदऱ्यांचे घेर कापून मायलेकी कामाला लागल्या.

शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना यातील मर्म सहज उमगेल. जुना कपडा उसवायचा, विरलेला भाग सोडून टिकाऊ भाग निवडायचा, तुकड्याला तुकडा जुळवायचा. प्रत्येक वस्त्र हाती घ्यावेच लागते. गुडघ्याशी फिकी पडलेली विजार पाहताना तो माणूस कोठे वाकला, कोठे टेकला हे डोळ्यांपुढे येतेच. गीज बेंडच्या अशा गोधड्यांत खिसा उसवलेल्या जागी मूळचा गडद निळा रंग तसाच राहिलेला दिसतो. विसर पडावा हा या कामाचा हेतूच नव्हता. शोकाला हाताचे काम मिळाले आणि रात्री अंगावर ऊब आली.

आपल्याकडेही आजीच्या लुगड्याची आणि आजोबांच्या धोतराची गोधडी घरोघरी होतीच. धावदोऱ्याने एकावर एक थर शिवण्याची आपली रीत निराळी, भाव तोच. आता विकतच्या रजया आल्या आणि जुने लुगडे भांडीवालीकडे जाऊ लागले. ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही.

पुढे २००२ साली ह्यूस्टन येथील संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. मिसूरीबाई हे वैभव पाहण्यास नव्हत्या. त्यांचे निधन १९८१ सालीच झाले होते. अर्लोन्झिया मात्र स्वतःही नामांकित गोधडीकार झाल्या.

ती १९४२ची गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रही आहे. साहित्य म्हणून तिच्या नोंदीत सुती कापड, कॉर्डरॉय आणि पोत्याचे सुती कापड, एवढेच लिहिले आहे.