ब्राँझव्हिलची मिरवणूक आणि आपली जयंती

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला दिलेला विषय आहे शिकागोतली कृष्णवर्णीय वस्ती आणि तिची संस्कृती. पण सुरुवात मी मागच्या आठवड्यातल्या एका प्रसंगापासून करते. जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी मागायला आपण चौघं जण गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "तुमचे बाबासाहेब एवढे शिकलेले. मग व्याख्यान ठेवा, वाचन ठेवा. नाच कशाला?" परवानगी मिळाली ती फाटकापर्यंतची, ढोलाशिवाय. बाहेर आल्यावर आपल्यातलाच एक जण हळू आवाजात म्हणाला, "तसं त्यांचं काही चूक नाही."

मला त्या साहेबांपेक्षा या वाक्याचा जास्त त्रास झाला. कारण हेच वाक्य मी काही वर्षांपूर्वी माझ्या आईला ऐकवलं होतं. माझे वडील भंडारा जिल्ह्यातून कामासाठी भिलाईला गेले. तिथल्या आमच्या वस्तीत एप्रिल लागला की आई शेजारणींबरोबर निळं कापड कापून पताका शिवायची. वर्गणीची वही आमच्याच घरी असायची. एम. ए. करून घरी गेले तेव्हा मी तिला म्हणाले, "या पैशात मुलांना पुस्तकं आली असती." ती मशीन न थांबवता म्हणाली, "पुस्तकं बी आणतो ना आम्ही. त्याच वहीत लिहिलंय, वाच." मी वही उघडली. मागच्या पानांवर दहावीच्या मुलांना दिलेल्या वह्या, एका बाईच्या दवाखान्याचा खर्च, एका मयतीची मदत, सगळं लिहिलेलं होतं. समाजशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या मला ती वही तोवर दिसलीच नव्हती.

म्हणून शिकागोचं बोलायचं आहे. मी शिकागोला गेलेले नाही. जे सांगणार आहे ते वाचलेलं आहे. वंश आणि जात या एकच गोष्टी आहेत असंही मी म्हणत नाही. त्यांचा धर्माशी असलेला संबंध, त्यांचा इतिहास, माणूस ओळखण्याच्या रीती वेगळ्या आहेत. पण कोंडलेली माणसं कोंडलेल्या जागेत काय उभं करतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

शिकागोच्या दक्षिण भागात ब्राँझव्हिल नावाची वस्ती आहे. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९३० साली ते २ लाख ३४ हजारांच्या घरात गेले. हे लोक मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून रेल्वेनं आले होते. तिकडे कापसाच्या शेतात न संपणारं कर्ज होतं आणि झुंडीनं माणूस मारला तरी शिक्षा नव्हती. इकडे कत्तलखाने आणि कारखाने होते, पगार रोख होता. आज त्या वस्तीच्या वाटेवर ॲलिसन सार या शिल्पकर्तीनं केलेला एक पुतळा उभा आहे. हातात बॅग घेतलेला प्रवासी. त्याचा सूट कापडाचा नाही, झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा आहे.

पण शहरात आले म्हणून सुटले, असं झालं नाही. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर मिशिगन सरोवरात पोहत होता. तराफा वाहत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्याकडे गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि मुलगा बुडाला. पोलिसांनी दगड मारणाऱ्याला अटक केली नाही. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यातली २३ कृष्णवर्णीय होती. पाण्यावर आखलेली रेषा कशी असते, हे चवदार तळ्याच्या लेकरांना वेगळं समजवावं लागत नाही.

पुढे ती रेषा कागदावर आली. घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्यानं देणार नाही, असे करार गोरे मालक आपसात करत. १९३७ साली कार्ल हॅन्सबेरी यांनी अशा करारातल्या भागात घर घेतलं. जमावानं त्रास दिला, खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९४० साली ते जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टातून राबवता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडलं. त्या घरातली मुलगी म्हणजे पुढे नाटककार झालेली लॉरेन हॅन्सबेरी. "आडनाव काय?" विचारून "खोली गेली हो" असं उत्तर मिळालेले किती जण इथे बसलेत, हात वर करायला मी सांगत नाही.

तर अशा कोंडलेल्या पट्ट्यात लोकांनी काय केलं? आधी वर्तमानपत्र काढलं. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ साली 'शिकागो डिफेंडर' सुरू केलं, घरमालकिणीच्या घरातल्या टेबलावर. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे गुपचूप दक्षिणेत नेत. तिथे न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एक जण वाचे आणि बाकीचे ऐकत. आपला 'मूकनायक' १९२० चा. छापील शब्द न वाचता येणाऱ्यापर्यंतही पोचवायचा असतो, ही जाण दोन्हीकडे आहे.

याच डिफेंडरमध्ये मुलांसाठी एक पान होतं. त्याचा संपादक 'बड बिलिकेन'. असा माणूस प्रत्यक्षात नव्हता, ते टोपणनाव होतं. त्या नावानं लिहिणाऱ्यांत विलर्ड मॉटली हा शाळकरी मुलगाही होता, जो पुढे कादंबरीकार झाला. देशभरातली मुलं या बिलिकेनला पत्रं लिहीत, त्याच्या क्लबात नाव नोंदवत. १९२९ साली ॲबट यांनी मुलांसाठी मिरवणूक काढली. ज्या मुलांना कुठल्याच शहरी सोहळ्यात पुढची रांग मिळत नव्हती, त्यांच्यासाठी एक आख्खा दिवस, एक आख्खा रस्ता.

ती मिरवणूक आजही निघते. ऑगस्टचा दुसरा शनिवार, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर. रस्त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्ह. कुटुंबं पहाटेपासून, काही तर आदल्या रात्रीपासून, खुर्च्या-तंबू टाकून जागा धरतात. बँड येतात, कवायतीची पथकं येतात, दोन दोऱ्यांवर उड्या मारणाऱ्या मुली येतात. मिरवणूक वॉशिंग्टन पार्कात पोचली की शेगड्या पेटतात, मुलांना दप्तरं-वह्या वाटल्या जातात. शहर सोडून गेलेले त्या दिवशी परत येतात, जसे आपले लोक चौदा एप्रिलला सुट्टी काढून वस्तीत येतात. या पथकांची तयारी महिनोन्‌महिने चालते. साउथ शोअर ड्रिल टीम १९८० साली एका शिक्षकानं सुरू केली. संध्याकाळी मुलांनी कुठे असावं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. म्हणजे रस्त्यावर जो नाच दिसतो, त्यामागे वर्षभराची हजेरी असते, शिस्त असते, कुणाच्या तरी आईनं शिवलेले कपडे असतात.

आता त्या साहेबांच्या प्रश्नाकडे येते. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन या दोन कृष्णवर्णीय संशोधकांनी याच वस्तीवर 'ब्लॅक मेट्रोपोलिस' हा मोठा ग्रंथ १९४५ साली लिहिला. लोकांचं आयुष्य कशाभोवती फिरतं, याची त्यांनी पाच केंद्रं मांडली: जिवंत राहणं, मजा करणं, देवाची भक्ती, वर चढणं आणि समाजाला पुढे नेणं. मजा करणं त्यांनी तळटीपेत टाकलं नाही, जगण्याच्या शेजारी ठेवलं. मला वाटतं, हे करायला त्या काळी धैर्य लागलं असेल. कारण पीडितांवर लिहायचं म्हणजे दुःखावरच लिहायचं, ही अपेक्षा तेव्हाही होती, आजही आहे. आमचं अश्रू ढाळणं विद्यापीठांना चालतं, त्यावर प्रबंध होतात. आम्ही ढोल वाजवला की मात्र आवाजाची पातळी मोजायला माणूस येतो.

आणि नाच विरुद्ध पुस्तक, असं भांडण त्या वस्तीत फारसं दिसत नाही. १९३२ साली तिथे जॉर्ज क्लीव्हलँड हॉल यांच्या नावाचं सार्वजनिक वाचनालय उघडलं. त्याच्या प्रमुख व्हिव्हियन हार्श, शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शाखाप्रमुख. त्यांनी कृष्णवर्णीयांनी आणि त्यांच्यावर लिहिलेलं साहित्य चिकाटीनं गोळा केलं, चर्चासत्रं चालवली. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, ग्वेंडोलिन ब्रूक्स तिथे येत. ब्रूक्सबाईंना १९५० साली पुलित्झर मिळालं, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची संस्था १९१५ साली स्थापन केली, तीही याच वस्तीतल्या वायएमसीएच्या इमारतीत. १९४० साली साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं. त्यासाठी झटणाऱ्या तरुणांतल्या मार्गारेट बरोज यांनी पुढे १९६१ साली स्वतःच्या घरातच संग्रहालय मांडलं. वाचनालय, संग्रहालय, चर्चमधलं गाणं आणि ऑगस्टची मिरवणूक, सगळं चालत जाता येईल एवढ्या अंतरात.

याच वस्तीत १९५५ च्या सप्टेंबरमध्ये एक वेगळी रांग लागली होती. १४ वर्षांचा एमेट टिल सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला आणि तिथे त्याचा अमानुष खून झाला. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवायला सांगितलं. माझ्या लेकराचं काय केलं ते जगानं पाहावं, ही त्यांची भूमिका. हजारो लोक चर्चबाहेर रांगेत उभे राहिले. 'जेट' मासिकानं छायाचित्र छापलं. मारेकऱ्यांना गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडलं, पण त्या पेटीनं एक पिढी उभी केली. मी ही गोष्ट मुद्दाम मिरवणुकीशेजारी ठेवतेय. शोक करायला एकत्र येणारे लोक आणि ऑगस्टच्या उन्हात मुलांसाठी टाळ्या वाजवणारे लोक तेच आहेत. आनंदात एकमेकांना ओळखणारी वस्तीच दुःखात तासाभरात जमते. आपल्याकडे अत्याचाराची बातमी आली की मोर्चाला पहिल्यांदा कोण येतं? जयंतीच्या समितीतली पोरं.

सगळं गोड आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्या मिरवणुकीत आज कंपन्यांचे फलक आहेत, निवडणूक आली की नेत्यांच्या गाड्या आहेत. आपल्या जयंतीत नाहीत का? आणि मोठं संकट वेगळंच आहे. १९६० च्या दशकात तिथे १६ मजली इमारतींची २८ टोकं उभी करून गरिबांना रचून ठेवलं, रॉबर्ट टेलर होम्स त्याचं नाव. देखभाल सोडून दिली, मग २००७ पर्यंत सगळं पाडलं. १९८० साली शिकागोत सुमारे १२ लाख कृष्णवर्णीय होते, २०२० च्या जनगणनेत ते ८ लाखांच्या खाली आले. वस्ती विरते, भाडी वाढतात, तरी ऑगस्टमध्ये माणसं परत येतात. पण वर्षातून एक दिवस परत येणं म्हणजे राहणं नव्हे, हेही खरं. मिरवणूक घर वाचवत नाही. घरासाठी कोर्टात आणि रस्त्यावर वेगळं लढावं लागतं.

आपलं त्यांच्याशी नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आणि एक योगायोग मला फार आवडतो. पुण्यात जनार्दन रणपिसे यांच्या पुढाकारानं जयंतीची पहिली मिरवणूक निघाली ती १९२८ च्या एप्रिलमध्ये, आणि बिलिकेनची १९२९ च्या ऑगस्टमध्ये. एकमेकांची खबर नसताना दोन समाजांना सोळा महिन्यांच्या आत एकच गोष्ट सुचली: ज्या रस्त्यावर मान खाली घालून चालायला लावलं, त्याच रस्त्याच्या मधोमध आपल्या मुलांना चालवायचं.

म्हणून त्या साहेबांना माझं उत्तर साधं आहे. आम्ही व्याख्यानही ठेवतो, वाचनही ठेवतो, तुम्ही त्याला कधी येत नाही. रस्त्यावर आलो की तुम्हाला दिसतो, म्हणून त्रास होतो.

शेवटी दोन कामं. फाटकापर्यंतची परवानगी आपण लेखी घ्यायची, ढोल का नाही याचं कारणही लेखी मागायचं, आणि इतर सणांच्या मिरवणुकांना कोणत्या अटी घातल्या त्याची माहिती मागवायची. ते मी आणि आणखी दोघं करतोय. दुसरं काम तुम्हा सगळ्यांचं. घरी फोन करा. आपल्या वस्तीत पहिली जयंती कधी झाली, वर्गणी कुणी गोळा केली, पताका कुणी शिवल्या, कुणी अडवलं, हे विचारून एका वहीत लिहा. नावानिशी लिहा. हार्शबाईंनी गोळा केलं म्हणून आज ब्राँझव्हिल वाचता येतं. आमच्या वस्तीची वही मी आईकडून मागवली आहे. ती म्हणाली, "देते, पण जयंती झाल्यावर. आत्ता तिच्यात हिशोब चालू आहे."

जय भीम.