विधवेच्या नावाचा सातबारा

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. गुजरातेतल्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला पोटच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. निबंधावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिली नाही, मोठेपणासाठी इतरांनीही ती उचलली, हे ताराबाईंनी नेमके हेरले होते. विधवा जितकी कोंडलेली, तितके कुळ उंच! म्हणूनच जातीचे काम वेगळे आणि बाईचे काम वेगळे, ही आपल्या सामाजिक कार्यातली वाटणी मला मान्य नाही. हे दोन्ही अन्याय जमिनीच्या कागदावर एकत्र सापडतात, आणि कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

यावर कुणी म्हणेल, कष्टकरी जातींत पाटाची, मोहतराची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होतीच. तिथल्या बाईला कसले बंधन? पण पाट लागला म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानेच दुसरे लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. एका हाताने मोकळीक दिली, दुसऱ्या हाताने शेत घेतले. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस ठरवले खरे. पण शेत हयात सासऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल, तर नवऱ्यामागे तिच्या वाट्याला सातबाऱ्यावर काहीच येत नाही.

कागदावर जमीन नसेल तर सरकारी मदतही अडते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा केली, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या राज्य सरकारच्या एक लाखाच्या मदतीपैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, अशी विभागणी होती. त्यासाठी कुटुंबात जमीन हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आता बटईने किंवा ठोक्याने शेत करणारे भूमिहीन मातंग किंवा बौद्ध कुटुंब घ्या. जमीन दुसऱ्याची, उधारी दुकानदाराची. फाइलवर शेरा पडतो 'अपात्र'. निंदणी आणि कापूसवेचणी जिने केली तिची गणना ना शेतकऱ्यांत, ना शेतकऱ्याच्या विधवांत. जात तिला जमिनीपासून दूर ठेवते आणि वैधव्य उरलासुरला आधार काढून घेते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आधी मान द्या, हक्क मागाहून येतील, असे मानणारे कार्यकर्ते मनापासून काम करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसे सुचवले. हे मोठेच पाऊल आहे, त्याला कमी लेखू नये. पण ज्या भावकीला तिच्या कपाळावरचे कुंकू चालते, तिला फेरफारात तिचे नाव चालते का, हे तपासल्याशिवाय त्या मानाची किंमत कळत नाही. वारस नोंदीचा अर्ज, तलाठ्याची नोटीस, दिराची हरकत, मंडळ अधिकाऱ्यापुढची सुनावणी, या वाटेवर तिच्यासोबत उभे राहणारे माणूस हवे.

आणि जिच्या घरात वारस नोंदीपुरतीही जमीन नाही, तिच्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून आहे: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, आणि त्यांतही विधवा व परित्यक्तांना प्राधान्य. अडचण अशी की ही जमीन शासनाला खासगी मालकाकडून विकत घ्यावी लागते आणि विकणारा सहजी पुढे येत नाही. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, अशा संस्थांनी आणि माणसांनी ते वजन त्या बांधावर जाऊन वापरावे, एवढीच माझी मागणी आहे.