परिचारिकांना शिकवणार कोण?



बारावीचा निकाल लागला की ‘नर्सिंगला प्रवेश मिळेल का?’ हा प्रश्न घराघरांतून ऐकू येतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात लोणीला व विळद घाटात नर्सिंग महाविद्यालये असल्याने मुलीला दूर पाठविण्याची चिंताही कमी झाली. परंतु कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेताना तेथे शिकवणार कोण, हे विचारणारे पालक क्वचितच भेटतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. दरवर्षी ६० प्रवेश धरले तर चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी आणि २४ शिक्षक झाले. हे आणायचे कोठून? चार वर्षांची बी.एस्सी., किमान वर्षाचा अनुभव, मग दोन वर्षांची एम.एस्सी.; म्हणजे बारावीनंतर सात वर्षे. २०२३ साली केंद्र सरकारने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. इमारती दोन-तीन वर्षांत उभ्या राहतील. शिक्षकांचे तसे नाही.

शिक्षक नसला तर बिघडते काय? ५०० मि.लि. सलाईन चार तासांत द्यायचे आहे. एका मिलिलिटरला २० थेंब पडणारा सेट असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. हा हिशेब पुस्तकात मिळतो. पण रोग्याने हात दुमडला की थेंब मंदावतात, सुईभोवती सूज आली तर सलाईन तत्काळ बंद करायचे, हे खाटेशेजारी उभे राहूनच दाखवावे लागते. दाखवणारे कोणी नसेल, तर मुलगी वॉर्डात नुसती राबते आणि पदवी घेऊन बाहेर पडते. पुढे तिच्या हाती आपलेच आईवडील असतात!

मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनाही शिकवायचे कसे, हे शिकण्यासाठी आपल्याच नगरला मिस फॅरार यांच्याकडे यावे लागले होते.

आपल्या घरांत अडते ते पदवीनंतर. हाती नोकरी येते, स्थळेही येऊ लागतात आणि एम.एस्सी.चा विषय मागे पडतो. शिवाय परदेशातील पगारापुढे शिक्षिकेचा पगार फिका वाटतो, हेही खरे. म्हणून संस्थेला माझी सूचना आहे : शिष्यवृत्ती बारावीच्या गुणवंतांपुरती न ठेवता, त्यातील एक तरी एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलीसाठी राखावी. आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीबरोबर एवढे विचारावे, की पूर्णवेळ शिक्षक किती आणि वॉर्डात मुलींबरोबर कोण असते?