हात धरा, हात उगारू नका

भिलाईच्या सेक्टरांमधून, सुपेला आणि पॉवर हाउसच्या वस्त्यांमधून, पलीकडे दुर्गमधून ऐकणाऱ्या मराठी घरांशी आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि वेळ थोडा असला तरी ती मी दोनतीनदा सांगणार आहे. पोळ्याच्या आधी इथल्या बाजारात मातीचे नांदिया बैल मांडलेले दिसतात. विदर्भातून आलेल्या घरांना तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही ठाऊक आहे. लाकडी बैलाला झूल चढवायची, बेगड लावायची, त्याला घरोघर फिरवायचं, हे आपण मुलांना हौसेनं शिकवतो. पण त्याच वयाचं मूल मांजराच्या पिलाला शेपटीला धरून फिरवतं, निजलेल्या कुत्र्यावर दगड घालतं, दिवाळीत त्याच्या शेपटीला फटाक्यांची लड बांधतं, तेव्हा काय करायचं हे आपलं ठरलेलं नसतं. मग आपल्या हातून दोनपैकी एक होतं. आपण हसून सोडून देतो, नाही तर त्या मुलाला तिथंच बदडतो. माझं म्हणणं असं की या दोन्ही चुका आहेत. मुलाचा हात धरा, त्याच्यावर हात उगारू नका. आणि हात धरल्यावर तो असा का वागला, हे शोधल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

हा प्रश्न आजचा नाही. महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची कथा आपल्याला माहीत आहे. चोरीच्या आळापायी सुळावर चढवलेले मांडव्य यमधर्माला विचारतात, माझं पाप कोणतं? उत्तर येतं की लहानपणी तू किड्यांना काडीनं टोचलं होतंस. तेव्हा मांडव्य संतापतात. अजाण वयातल्या कृत्याला सूळ? ते यमधर्माला शाप देतात, त्यातून विदुराचा जन्म होतो, आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पाप लागणार नाही अशी मर्यादा ते घालून देतात. आजचा कायदाही याच दिशेनं विचार करतो. भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याची पुरती समज होती का, हे पाहिलं जातं. पुढे अठरापर्यंत बालन्याय कायदा आहे, आणि त्याचा भर सुधारण्यावर आहे. म्हणजे मुलाला सुळावर चढवायचं नाही, हे आपल्या परंपरेलाही पटलं होतं आणि कायद्यालाही पटतं. पण त्या कथेत एक माणूस नाही. काडी टोचणाऱ्या त्या बालकाचा हात धरून ‘बाळ, त्याला दुखतंय’ असं सांगणारं कोणी त्यात येत नाही. शिक्षा येते ती कितीतरी वर्षांनी, आणि सुळाची येते. ही मधली जागा आईवडिलांची, आजीआजोबांची, शेजाऱ्यांची आणि शिक्षकांची आहे, आणि मी बोलते आहे ती याच जागेबद्दल.

आता पहिला आक्षेप. मुलंच ती, मोठी झाली की आपोआप सोडतात. यात अर्धं खरं आहे. दोनतीन वर्षांचं मूल मांजर आवळून धरतं ते त्याला आपल्या हाताचा जोर कळत नाही म्हणून. त्याला दुष्ट म्हणणं अन्याय आहे. हात कसा अलगद फिरवायचा हे दाखवलं की पुरतं. पण सहासात वर्षांचं मूल समोरच्या जिवाला दुखतंय हे ओळखतं. ते ओळखूनही तो खेळ पुन्हापुन्हा होत असेल, एकट्यानं आणि लपूनछपून होत असेल, प्राणी ओरडल्यावर मुलाला मजा वाटत असेल, तर ‘मोठा झाला की सोडेल’ म्हणून वाट बघू नका. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८७ सालीच प्राण्यांशी क्रूरपणा हे मुलांच्या वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून नोंदवलं आहे. याचा अर्थ असं वागणारं प्रत्येक मूल पुढे गुन्हेगार होतं, असा मुळीच नाही. तसं म्हणणं भीती पसरवणारं आहे आणि खोटंही. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या एका अभ्यासात प्राण्यांना छळणाऱ्या माणसांच्या नावावर इतर गुन्हे जास्त आढळले. पण आधी प्राणी आणि मग माणूस अशी चढती पायरी मात्र त्यात सिद्ध झाली नाही. तेव्हा मुलावर शिक्का मारू नका, आणि डोळेझाकही करू नका.

मग या वागण्याकडे बघायचं कसं? पावसाळ्यात क्वार्टरच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटतो, तो आठवा. डाग दिसतो बैठकीच्या खोलीत, पण पाणी मुरत असतं भलतीकडेच. कधी वरच्या गच्चीला भेग असते, कधी शेजारच्या न्हाणीघरातला पाइप फुटलेला असतो. आपण डागावर चुना मारला तर पंधरा दिवस भिंत छान दिसते आणि मग डाग दुप्पट होऊन येतो. रागावून भिंतीवर हातोडा घातला तर भिंत जाते आणि गळती तशीच राहते. एखादा डाग मात्र खिडकी उघडी राहिल्यामुळे आलेल्या सरीचा असतो, तो उन्हानं वाळतो. तिथं गवंडी बोलवायची गरज नसते. कोणता डाग कसला, हे जाणत्या माणसाला थोडं थांबून, हात लावून पाहावं लागतं. मुलाचा क्रूरपणा दिसतो कुत्र्याच्या पिलावर, कारण त्याच्या भोवतालच्या सगळ्यांत दुबळा जीव तोच असतो. त्याचं मूळ मात्र कुठंही असू शकतं: घरातली मारझोड, आईवर उगारला जाणारा हात, शाळेत मोठ्या मुलांनी चालवलेला छळ, किंवा मुलाला सांगताही येत नाही असा एखाद्या ओळखीच्या माणसाचा अत्याचार. १९८३ साली न्यू जर्सीमध्ये मुलांचा छळ होत असलेल्या आणि पाळीव प्राणी असलेल्या ५३ कुटुंबांची पाहणी झाली. त्यातल्या ६० टक्के घरांत प्राण्यांचाही छळ होत होता. आणि जिथं मुलांना शारीरिक मारहाण होत होती त्या घरांत हे प्रमाण ८८ टक्के निघालं. देश दुसरा आहे, पाहणी लहान आहे, हे मान्य. तरी ती एक साधी गोष्ट सांगते: ज्या छताखाली एक दुबळा जीव मार खातो, तिथं दुसराही सहसा सुटत नाही. म्हणून मुलाच्या हातात दगड दिसला की ‘याला काय शिक्षा करू?’ हा प्रश्न नंतरचा. ‘याच्यावर काय गुदरतंय?’ हा आधीचा. श्रोतेहो, ही गोष्ट निसटून जाते म्हणून पुन्हा सांगते, आधी हा प्रश्न.

दुसरा आक्षेप मोठ्या आवाजात येतो. चार फटके दिल्याशिवाय मुलांना कळत नाही. त्याला दुखलं म्हणजे प्राण्याला कसं दुखतं ते समजेल. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण मार खाणाऱ्या मुलाच्या मनात त्या क्षणी पिलाचं दुःख नसतं. त्याला कळतं ते एवढंच की ज्याचं अंग मोठं त्यानं लहानाला मारलेलं चालतं, आणि हाच धडा तर ते पिलावर गिरवत होतं. क्लिफ्टन फ्लिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९९९ साली २६७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणी किंवा किशोरवयात ज्या मुलग्यांनी प्राण्यांना छळलं होतं, त्यांनी वडिलांचा मार इतरांपेक्षा जास्त वेळा खाल्लेला होता. घरातली इतर मारहाण, वडिलांचं शिक्षण, हे सगळं हिशेबात घेऊनही तो संबंध उरला. पुढे २०१६ मध्ये ७५ अभ्यासांमधल्या सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात विषय होता साध्या चापटीचा, आणि तिचाही संबंध मुलांच्या वाढत्या आक्रमकपणाशी दिसला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला मारायला बंदी घातली आहे. घरात तो कायदा येत नाही, पण त्यामागचा विचार घरात यायला कुणाची हरकत आहे?

आणि मार देण्यातला सगळ्यात मोठा धोका अजून सांगितलाच नाही. ज्या मुलाला मार मिळेल अशी धास्ती असते, ते कुत्रा चावल्याचं घरी सांगत नाही. दगड मारला हे कळेल, मग वडील मारतील, म्हणून ते ओरखडा बाहीखाली झाकतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी लस सुरू करणं, हाच वाचण्याचा मार्ग आहे, आणि तो मूल बोललं तरच उघडतो. तेव्हा घरातल्या प्रत्येक मुलाला आजच सांगा: प्राणी चावला, त्यानं ओरबाडलं, तर लगेच येऊन सांग, चूक तुझी असली तरी मार बसणार नाही.

इथंच तिसरा आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. रस्त्यावरची कुत्री मुलांना चावतात, आणि तुम्ही कुत्र्यांची बाजू घेता? ज्या आईच्या मुलाला कुत्र्यानं फाडलं, तिचा राग खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रेबीजचा संशय असलेला प्राणी ज्यांना चावतो, त्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपालिकांची जबाबदारी आहे आणि ती त्यांनी नेटानं पार पाडली पाहिजे. पण दगड मारणाऱ्या मुलामुळे गल्ली सुरक्षित होत नाही. डिवचलेलं कुत्रं जास्त बिथरतं, आणि त्याच्या तावडीत सापडतं ते पुढच्या घरातलं चार वर्षांचं पोर. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळ बसलेल्या कुत्रीच्या वाटेला जायचं नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. हे धडे दयेचेही आहेत आणि सुरक्षेचेही.

तर प्रत्यक्ष करायचं काय? आधी प्राण्याला सोडवा आणि मुलाला बाजूला घ्या, चारचौघांत तमाशा नको. बघून हसणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र चारचौघांतच थांबवा, कारण त्यांचं हसणं मुलाला शाबासकीसारखं वाटतं. मुलाला थोडक्यात आणि ठामपणे सांगा की हे चालणार नाही, त्याला दुखतं. मग त्याच दिवशी, दोघंच असताना, विचारा की आज काय झालं, तुला कोणी काही केलं का. स्टील प्लँटमधल्या शिफ्टमुळे अनेक घरांत वडील नाइट करून दिवसा झोपलेले असतात, आणि आईही कामावर असते. वेळ नसतो हे खरं आहे. पण हे विचारायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती काढावीच लागतील. त्यानंतर मुलाच्या हातून काही चांगलं घडवा. मे महिन्यात आपल्या गावात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. दारात पाण्याचं भांडं ठेवायचं, रोज घासायचं आणि भरायचं काम त्याच्याकडे द्या, आणि पहिले काही दिवस स्वतः सोबत उभे राहा. रागात असलेल्या मुलाच्या हाती जिवंत पिलू मात्र देऊ नका. त्या पिलाच्या जिवावर मुलाची परीक्षा घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. एवढं करूनही तेच होत राहिलं, किंवा सोबत आगी लावणं, लहान मुलांना छळणं दिसलं, तर समुपदेशकाकडे जा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शाळांबद्दल बरंच सांगायचं होतं. मैत्रीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात सहली जातात. १९७२ पासूनच्या या बागेत शहरातली मुलं पांढरे वाघ आणि हरणं बघतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं किंवा खायला टाकणं हा गुन्हा आहे. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात एवढं सांगितलं तरी किती फरक पडेल. अमेरिकेतल्या युटामध्ये चौथीच्या वर्गांना वर्षभर असे पाठ देऊन पाहिले, तेव्हा मुलांची प्राण्यांबद्दलची आस्था वाढल्याचं दिसलं. कायद्याबद्दलही बोलायचं होतं. राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली तिथं विधेयक मांडलं, त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यात पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपये दंड आहे, त्यावर बोलायचं तर... पण मिनिटं संपत आली आहेत, ते पुन्हा कधीतरी.

जाताना मुद्दा तोच. मूल प्राण्याला छळताना दिसलं तर हसू नका आणि मारू नका. त्याचा हात धरा, त्याच्यावर काय गुदरतंय ते विचारा, आणि त्याच हाताला काळजी घेण्याचं काम द्या. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६, पुन्हा सांगते, १४४१६. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा, आणि आपल्या गल्लीतलं एखादं मूल असं वागताना दिसलं तर ते दुसऱ्याचं आहे म्हणून पुढे निघून जाऊ नका.